भरदार सिगारची चव कोठून येते? पान, हात आणि एका आवाजाचा इतिहास

१/
१९०९ सालच्या जानेवारीत लुईस हाइन हा छायाचित्रकार अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातल्या टँपा शहरी गेला होता. बालमजुरीचे पुरावे गोळा करणे हे त्याचे काम. तेथील एका सिगार कारखान्याचे त्याने छायाचित्र घेतले. बाकांच्या रांगा, माना खाली घालून काम करणारे कामगार, आणि त्या सर्वांच्या वर, उंच आसनावर, वाचत बसलेला एक मनुष्य. पाहताक्षणी तो मुकादम वाटतो. पण तो मुकादम नव्हता.

२/
हाइनने छायाचित्रासोबत केलेल्या नोंदीचा आशय असा: हा मनुष्य दिवसभर मोठ्या आवाजात पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचतो. त्याला पैसे मालक देत नाही, कामगार देतात. काय वाचायचे तेही कामगारच ठरवतात. त्यांच्यापैकी अनेकांना आयुष्यात मिळणारे शिक्षण एवढेच.
आजचा थ्रेड या आवाजाविषयी आहे. पण त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी सिगारची चव समजून घ्यावी लागेल.

३/
उंची सिगारचे रसिक एक शब्द नेहमी वापरतात: ‘फुल-बॉडीड’. मराठीत त्याला ‘भरदार’ म्हणू. हे रसिक धूर छातीत घेत नाहीत; तोंडात घोळवून सोडून देतात. त्या धुराचे जिभेवर आणि टाळूवर जे वजन जाणवते, तो भरदारपणा. निकोटिनचा अंगावर होणारा परिणाम म्हणजे कडकपणा. दोन्ही पुष्कळदा एकत्र येतात, पण गोष्टी दोन आहेत. चवीचे वर्णन करताना कॉफी, कोको, कमावलेले चामडे, मिरी, ओली माती असे शब्द येतात.

४/
आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हा थ्रेड सिगार ओढण्याची शिफारस नव्हे. धूर छातीत घेतला नाही, तरी तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका सिगारमुळे वाढतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझे कुतूहल वेगळे आहे. एखाद्या वस्तूचा आस्वाद घेण्याची इतकी बारकाईची भाषा जेव्हा तयार होते, तेव्हा त्या भाषेत कशाला जागा मिळते आणि काय गळून जाते?

५/
प्रथम नावाविषयी. नोव्हेंबर १४९२ मध्ये कोलंबसाने क्यूबा बेटाच्या अंतर्भागात धाडलेल्या लुईस दे तोरेस आणि रोद्रिगो दे हेरेस या दोघांनी स्थानिक ताइनो लोकांना पानांची गुंडाळी पेटवून तिचा धूर घेताना पाहिले. युरोपीयांना झालेले हे तंबाखूच्या धूम्रपानाचे आरंभीचे दर्शन. पुढे स्पॅनिशमध्ये या गुंडाळीला ‘सिगार्रो’ म्हणू लागले. तो शब्द बहुधा माया भाषेतून आला. आपल्या ‘चिरूट’ शब्दाचा उगम मात्र जवळचा आहे. गुंडाळी या अर्थाच्या ‘सुरुट्टु’ या तमिळ शब्दापासून तो झाला.

६/
दख्खनचा या कथेतला एक धागाही येथेच नोंदवतो. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा त्याने आदिलशाही मुलखातून तंबाखू आणि धूम्रपानाची नळी सोबत आणून बादशहापुढे ठेवली. हकीमांनी आक्षेप घेतला, अकबराने तरीही चव पाहिली. त्याच्या मुलाने, जहांगीराने, १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. बंदी किती टिकली, हे सांगण्याची गरज नाही.

७/
आता पानाकडे येऊ. क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ हा प्रांत आहे. तेथील ‘वुएल्ता अबाहो’ या भागातील तांबडी, वाळूमिश्रित जमीन तंबाखूसाठी जगप्रसिद्ध आहे. तंबाखूचे रोप साधारण पुरुषभर उंच होते. शेंड्याला कळी धरली की शेतकरी ती खुडतो. बियांकडे जाणारे बळ मग पानांत उतरते. एका रोपाची सर्व पाने एकाच दिवशी तोडत नाहीत. तळापासून सुरुवात करून, मध्ये काही दिवस सोडत, दोन-तीन पाने तोडत वर जातात.

८/
भरदारपणाचे मूळ या उंचीत आहे. तळाच्या पानाला ‘वोलादो’ म्हणतात. ते सौम्य असते, पण चांगले जळते. मधल्या पानाला ‘सेको’ म्हणतात. सुगंध बहुतांशी त्याचा. वरच्या पानाला ‘लिहेरो’ म्हणतात. त्याला ऊन सर्वांत जास्त मिळते, ते सर्वांत उशिरा खुडले जाते, म्हणून ते जाड, तेलकट आणि निकोटिनयुक्त होते. गंमत अशी की ‘लिहेरो’ या शब्दाचा स्पॅनिश अर्थ ‘हलका’. सिगारमधले सर्वांत जड पान हेच!

९/
खुडलेली पाने दोन-दोन करून दोऱ्यात ओवतात आणि लाकडी कोठारात काठ्यांवर टांगतात. सुमारे दीड-दोन महिन्यांत हिरवे पान पिवळे होऊन तपकिरी होते. मग पानांच्या गंजी रचतात. गंजीच्या पोटात आपोआप उष्णता निर्माण होते आणि पाने आंबू लागतात. उष्णता मर्यादेपलीकडे गेली की गंजी मोडून, आतली पाने बाहेर आणि बाहेरची आत करून पुन्हा रचावी लागते. या काळात अमोनियाचा उग्र वास निघून जातो आणि कडवटपणा ओसरतो.

१०/
त्यानंतर गाठोडी बांधून पान मुरत ठेवतात. वोलादोला काही महिने पुरतात, सेकोला वर्ष-दीड वर्ष लागते, लिहेरोला किमान दोन वर्षे. घरच्या लोणच्याला मुरायला वेळ द्यावा लागतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. घाई केलेले लिहेरो नुसते कडक लागते. मुरलेले लिहेरो भरदार लागते. रसिक ज्याला ‘गोलाई’ म्हणतात ती मुख्यतः काळाची देणगी आहे. आणि त्या काळात गंजी उलटणाऱ्या हातांचीही.

११/
मग पान वळणाऱ्याच्या पाटावर येते. त्याला ‘तोर्सेदोर’ म्हणतात. त्याची हत्यारे मोजकीच: लाकडी पाट, थोडा वनस्पतीजन्य डिंक आणि ‘चावेता’ नावाचे अर्धचंद्राकृती पाते. आतल्या भरणीत तिन्ही पानांचे प्रमाण ठरलेले असते. लिहेरो सावकाश जळते, म्हणून ते मधोमध ठेवतात, म्हणजे जळण समान राहते. भरणीभोवती एक बांधणीचे पान आणि सर्वांत बाहेर ‘कापा’ हे वेष्टनाचे पान येते. कापासाठीची रोपे पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, म्हणून ते पान पातळ, लवचिक आणि डागरहित राहते.

१२/
भरणी घट्ट झाली तर धूर ओढला जात नाही. सैल झाली तर सिगार तापते आणि चव जळकी होते. यंत्राशिवाय, केवळ बोटांच्या अंदाजाने हे साधावे लागते. कुशल कामगार दिवसाकाठी शंभराच्या आसपास सिगारी वळतो आणि पहिली व शंभरावी ओळखू येऊ नये, अशी अपेक्षा असते. म्हणून रसिक राखेकडे पाहतो. राख एकसंध, लांब आणि स्थिर टिकली, तर आत अखंड पाने नीट बसवली आहेत असे तो समजतो. वस्तुतः तो कारागिराचा हात पाहत असतो.

१३/
येथवर चव पानातून, काळातून आणि हातातून आली. पण ते हात कोणाचे होते?
१७१७ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने क्यूबाच्या तंबाखूवर मक्तेदारी लादली. शेतकऱ्याने माल सरकारलाच, सरकारी भावाने विकायचा. तंबाखू शेतकरी १७१७, १७२० आणि १७२३ अशी तीनदा उठले. १७२३ मधील उठावानंतर पकडलेल्या शेतकऱ्यांना हवानाजवळ ठार करून त्यांची प्रेते लोकांच्या नजरेस पडतील अशी टांगण्यात आली. मक्तेदारी संपायला १८१७ उजाडले.

१४/
मक्तेदारी गेल्यावर हवानात कारखाने वाढले. १८४४ चे ‘एच. उपमान’ आणि १८४५ चे ‘पार्तागास’ ही नावे आजही सिगारच्या पेट्यांवर आहेत. या कारखान्यांत स्वतंत्र गोरे व कृष्णवर्णीय कारागीर होते, करारबद्ध चिनी मजूर होते आणि गुलामही होते. क्यूबातील गुलामगिरी १८८६ मध्ये संपली. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील ‘हवाना सिगार’चा जो लौकिक युरोपभर पसरला, त्यात वेतन न मिळालेले श्रमही मिसळलेले आहेत.

१५/
क्यूबाचे थोर अभ्यासक फर्नांदो ओर्तिस यांनी १९४० मध्ये तंबाखू आणि साखर यांची तुलना करणारा एक ग्रंथ लिहिला. साखरेला मोठी यंत्रे आणि मजुरांचे तांडे लागतात. तंबाखूला निवड, काळजी आणि कारागिरी लागते. तुलना मोलाची आहे, पण वरची पोस्ट लक्षात ठेवूनच ती वाचावी. तथापि एक फरक खराच: सिगार कारखान्यात यंत्रांचा खडखडाट नव्हता. शेकडो माणसे एकाच दालनात, हाताने, शांतपणे काम करत. आणि शांत दालनात आवाज ऐकू जातो.

१६/
ऑक्टोबर १८६५ मध्ये सातुर्निनो मार्तिनेस या सिगार कामगाराने ‘ला अउरोरा’ (पहाट) हे कारागिरांसाठीचे साप्ताहिक सुरू केले. अडचण उघड होती: बहुसंख्य कारागिरांना वाचता येत नव्हते. त्याच वर्षी २१ डिसेंबरला हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात एक प्रयोग सुरू झाला. कामगारांपैकीच एकजण हातचे काम ठेवून वाचू लागला. त्याची बुडालेली मजुरी इतरांनी भरून दिली. ‘लेक्तोर’, म्हणजे वाचून दाखवणारा, या पदाचा हा जन्म.

१७/
पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८६६ मध्ये, पार्तागास कारखान्यातही वाचन सुरू झाले आणि लवकरच इतर कारखान्यांनी ते उचलले. आपल्याकडे चावडीवर किंवा देवळात पोथी वाचली जाई, एकजण वाचे आणि गाव ऐके, ते चित्र डोळ्यांपुढे आणा. फरक इतकाच की येथे ऐकणाऱ्यांचे हात थांबत नसत, आणि पोथीच्या जागी वर्तमानपत्र, राज्यशास्त्र, इतिहास आणि कादंबरी होती.

१८/
सत्तेला यातला धोका कळायला वेळ लागला नाही. मे १८६६ मध्ये कारखान्यांतील वाचनावर सरकारी बंदी आली. वाचनामुळे कामगारांचे लक्ष विचलित होते आणि वादविवाद माजतात, असा एकूण सूर. म्हणजे पहिल्या वाचनापासून बंदीपर्यंत पुरते सहा महिनेही गेले नाहीत! पुढे १८६८ ते १८७८ असे दहा वर्षे स्वातंत्र्ययुद्ध चालले. त्या काळात हवानातले पुष्कळ कारागीर समुद्र ओलांडून फ्लॉरिडाच्या की वेस्ट बेटावर गेले. सोबत त्यांनी दोन गोष्टी नेल्या: चावेता आणि लेक्तोर.

१९/
विसेंते मार्तिनेस इबोर या कारखानदाराने १८६९ मध्ये आपला उद्योग हवानाहून की वेस्टला हलवला आणि १८८५-८६ च्या सुमारास टँपाजवळ एक स्वतंत्र वसाहतच उभी केली: इबोर सिटी. पान क्यूबातून जहाजाने येई. वळणारे क्यूबन, स्पॅनिश आणि सिसिलीतून आलेले इटालियन. हाइनने पाहिलेली दुनिया ती हीच. तेथे लेक्तोरसाठी उंच व्यासपीठ असे. कामगार दर आठवड्याला आपल्या मजुरीतून त्याचे पैसे देत. नवा लेक्तोर नेमताना आवाजाची परीक्षा होई आणि मतदानाने निवड होई.

२०/
सकाळी वर्तमानपत्रे, नंतर कादंबरी, असा साधारण क्रम. सर्व्हांतेस, व्हिक्टर ह्यूगो, अलेक्झांडर द्यूमा, एमिल झोला ही मंडळी त्या दालनांत परिचयाची होती. कोणती कादंबरी घ्यायची यावरही मतदान होई. वाचन आवडले की कामगार चावेतांनी पाटावर ठोकत. शेकडो पाती एकदम वाजत. न आवडल्यास चावेता जमिनीवर आदळली जाई. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते, अशी माणसे ह्यूगोच्या पात्रांवरून वाद घालत होती.

२१/
आता आपल्या मूळ प्रश्नाकडे एक पाऊल टाकू. सिगारच्या जगातले एक अतिशय प्रसिद्ध नाव ‘मोंतेक्रिस्तो’. १९३५ मध्ये हवानात ही मुद्रा सुरू झाली. नाव आले द्यूमाच्या मोंते क्रिस्तोच्या सरदाराच्या कादंबरीवरून. वाचनाच्या वेळी ती कामगारांची फार लाडकी होती, असे या नावामागचे कारण सांगितले जाते. १८७५ पासूनची ‘रोमेओ इ हुलिएता’ ही मुद्रा शेक्सपिअरच्या नाटकाचे नाव मिरवते. रसिक ज्या पट्टीवरून सिगार ओळखतो, ती पट्टी कारखान्यातल्या ग्रंथवाचनाची खूण आहे.

२२/
वाचनाने राजकारणही घडवले. क्यूबन कवी आणि क्रांतिकारक होसे मार्ती नोव्हेंबर १८९१ मध्ये प्रथम टँपाला आला आणि सिगार कामगारांपुढे बोलला. वर्षानुवर्षे वृत्तपत्रे आणि इतिहास ऐकलेला हा श्रोता होता. १८९२ मध्ये क्यूबन क्रांतिकारी पक्ष स्थापन झाला, तेव्हा त्याच्या निधीत या कामगारांच्या मजुरीचा मोठा वाटा होता. १८९५ च्या उठावाचा आदेश टँपात एका सिगारमध्ये वळून क्यूबाला धाडला गेला, असे तेथे अभिमानाने सांगतात. आख्यायिका म्हणून ती घ्यावी. पण ती कोणत्या शहराची आहे, हे विसरू नये.

२३/
२४ फेब्रुवारी १८९५ रोजी उठाव झाला. १९ मे रोजी मार्ती रणांगणात पडला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विन्स्टन चर्चिल हा तरुण ब्रिटिश अधिकारी स्पॅनिश सैन्यासोबत युद्ध पाहण्यासाठी क्यूबात उतरला. त्याचा एकविसावा वाढदिवस तेथेच झाला. हवाना सिगारची त्याची जन्मभराची आवड तेथे रुजली, असे मानतात. आज ‘चर्चिल’ हे सिगारच्या एका लांब आकाराचे नाव आहे. ज्यांनी सिगारी वळून त्या युद्धाला पैसे पुरवले, त्यांच्या नावाचा आकार नाही.

२४/
लेक्तोरचा अंत टँपात १९३१ मध्ये झाला. महामंदीचे दिवस होते, कारखानदार आणि कामगार यांच्यातला तणाव टोकाला गेला होता. लेक्तोर जहाल साहित्य वाचून कामगारांना चिथावतात, असे म्हणत नोव्हेंबरात मालकांनी वाचन बंद केले. कामगारांनी काम थांबवले, पण हरले. व्यासपीठे उखडली गेली. जेथे लेक्तोर बसत असे तेथे रेडिओ आला. रेडिओवर काय ऐकायचे, याचे मतदान होत नव्हते.

२५/
क्यूबात मात्र ही परंपरा टिकली. १५ सप्टेंबर १९६० रोजी क्रांतिकारी सरकारने सिगार उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हाही वाचन चालू राहिले आणि आजही चालते. २०१२ मध्ये त्याला देशाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. अर्थात ज्या देशात वृत्तपत्रेच सरकारच्या ताब्यात आहेत, तेथे व्यासपीठावरून वाचल्या जाणाऱ्या वृत्तपत्राचा अर्थ १८६५ सारखा राहत नाही, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवले पाहिजे.

२६/
फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाशी व्यापारबंदी जाहीर केली. त्यांचे प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी: आदल्या संध्याकाळी अध्यक्षांनी त्यांना एक हजार ‘पेतित उपमान’ सिगारी मिळवायला सांगितले. सकाळपर्यंत बाराशे जमल्या. ते कळल्यावर केनेडींनी समाधानाने बंदीच्या आदेशावर सही केली. हा किस्सा हसून सांगितला जातो. ज्यांचे पोट त्या पानावर होते, त्यांच्या घरी तो तसा सांगितला गेला नसावा.

२७/
राष्ट्रीयीकरणाने कारखाने गमावलेली कुटुंबे देश सोडून गेली. म्हणून आज मोंतेक्रिस्तो, पार्तागास, रोमेओ इ हुलिएता ही नावे दोनदा आढळतात: एक क्यूबातील, एक डॉमिनिकन प्रजासत्ताकातील. पिनार देल रिओचे होसे ओर्लांदो पाद्रोन यांनी १९६४ मध्ये मायामीत छोटा कारखाना काढला आणि १९७० मध्ये निकाराग्वाची ज्वालामुखीच्या मातीची एस्तेली दरी गाठली. १९७८ मध्ये तेथील यादवीत त्यांचा कारखाना जळाला. १९८५ मध्ये अमेरिकेने निकाराग्वावरही व्यापारबंदी घातली. तरीही त्यांनी उद्योग सोडला नाही.

२८/
आज भरदार सिगार म्हटले की जाणकार एस्तेलीचे नाव घेतात. त्या काळ्या, कसदार मातीतले लिहेरो कॉफी आणि मिरीची आठवण देते, असे ते लिहितात. १९९२ मध्ये न्यूयॉर्कहून ‘सिगार अफिसिओनादो’ हे नियतकालिक निघाले आणि शंभरपैकी गुण देण्याची पद्धत रूढ झाली. गुणपत्रिकेत जळण, ओढ, चव, बांधणी यांना स्थान आहे. माती, बियाणे, पानाचे वय हे सारे तेथे भेटते. दोन क्रांत्या आणि दोन व्यापारबंद्या या चवीच्या पाठीशी आहेत. त्यांच्यासाठी रकाना नाही.

२९/
एक प्रसिद्ध समजूतही येथे तपासू: सिगारी तरुणींच्या मांडीवर वळतात. ते खोटे आहे. सिगार पाटावरच वळली जाते. स्त्रिया प्रामुख्याने पानांची मधली शीर काढण्याचे आणि पाने निवडण्याचे काम करत आणि ती पाने मांडीवर पसरून ठेवत. ही समजूत बहुधा तेथूनच निघाली. हवानात वळण्याचे मानाचे काम दीर्घकाळ पुरुषांकडेच होते. १९६० च्या दशकात ‘कोहिबा’ ही मुद्रा जेथे तयार झाली, त्या एल लागीतो कारखान्यात वळणाऱ्या प्रामुख्याने स्त्रिया होत्या. जगाने कल्पनेतली मांडी लक्षात ठेवली, प्रत्यक्षातले कौशल्य नाही.

३०/
ही कथा केवळ दूरदेशीची नाही. केरळच्या मलबार भागात विडी कामगारांतही वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याची प्रथा होती. एकजण वाची आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतरजण वळून देत. हवानाच्या एल फिगारोत घडले तेच, स्वतंत्रपणे, कन्नूरच्या परिसरात घडले. १९६९ मध्ये तेथेच ‘केरळ दिनेश बीडी’ ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. हात गुंतलेले, कान मोकळे आणि दालन शांत असेल, तर माणसे ऐकू इच्छितात. दोन्हीकडचे साम्य मला या एका गोष्टीत दिसते.

३१/
आता शीर्षकातला प्रश्न. भरदार सिगारची चव कोठून येते? रोपाच्या शेंड्यावरच्या उन्हातून, गंजीच्या उष्णतेतून, कोठारात गेलेल्या दोन वर्षांतून आणि पाटावरच्या बोटांतून. रसिकाची भाषा एवढे सांगते आणि ते खरे आहे. पण ती बोटे दिवसभर स्थिर आणि मन जागे राहावे म्हणून कामगारांनी स्वतःच्या मजुरीतून विकत घेतलेला एक आवाज होता. जिभेला तो कळत नाही. तो शोधायला हाइनचे छायाचित्र, ‘ला अउरोरा’चे अंक आणि १८६६ चा बंदी हुकूम उघडावा लागतो. आस्वादाची जेथे मर्यादा येते, तेथे इतिहासाचे काम सुरू होते.

३२/
शेवटी एक विनंती. सोलापूर, सिन्नर, अहिल्यानगर या भागांत विड्या वळणाऱ्या आज्या आणि मावश्या आजही आहेत. वळताना त्या काय ऐकत होत्या? कोणी वाचून दाखवत असे का? ओव्या होत्या, रेडिओ होता, की नुसत्या गप्पा? आपल्या घरी अशी कोणी असेल, तर आजच तिच्याशेजारी बसून विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. तारीख आणि गावाचे नाव घालायला विसरू नका. हाइनने नोंद केली नसती, तर छायाचित्रातला तो मनुष्य आपण मुकादमच समजलो असतो.